चुकाऱ्याआधी येणारी फी

(कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या स्मरणार्थ बपेरा, जि. भंडारा येथील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

बपेऱ्याच्या शिवारात धानाचे पऱ्हे जूनमध्ये टाकतात. रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये आटोपते. कापणी, मळणी होऊन धान खरेदी केंद्रावर पोहोचेपर्यंत दिवाळी मागे पडलेली असते आणि चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, त्याच्याही नंतर, कधी महिन्याने तर कधी आणखी उशिरा, खात्यावर जमा होतात. महाविद्यालयाचे प्रवेश मात्र जून-जुलैतच उरकतात. फी, पुस्तके, बसचा पास, मुलगा नागपूरला शिकणार असेल तर खोलीचे आगाऊ भाडे आणि खानावळीचा पहिला महिना, हे सगळे खर्च नेमके त्याच दिवसांत येतात. बियाणे, खत आणि रोवणीच्या मजुरीने घर तेव्हा आधीच रिकामे झालेले असते.

धानपट्ट्यातल्या विद्यार्थ्याची अडचण समजून घ्यायची तर या दोन वेळापत्रकांपासून सुरुवात करावी लागते. पैसा कमी आहे हे खरेच. पण जो आहे तोही पाच-सहा महिने उशिरा येतो. या मधल्या महिन्यांत जो कोणी विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहतो, त्याच्यामुळे तो पदवीपर्यंत पोहोचतो. कोणीच उभे राहिले नाही, तर हजेरीपटावर त्याचे नाव दिवाळीपर्यंत राहते आणि पुढे दिसेनासे होते. त्यात ऑगस्टअखेर पूर आला, तर चुकाऱ्यांची वाट पाहण्यातही अर्थ उरत नाही.

महाविद्यालयांचे विश्वस्त निधी, माजी विद्यार्थ्यांचे फाउंडेशन, गरीब विद्यार्थी निधी, अशा नावांनी जे काम चालते त्याच्या अहवालात दोन वेगळी प्रकरणे असतात: शिष्यवृत्ती आणि आपत्ती मदत. एका प्रकरणात गुणवंतांची छायाचित्रे, दुसऱ्यात धान्याची पाकिटे आणि चादरी. या व्याख्यानाचे म्हणणे असे की ही दोन प्रकरणे मुळात एकच आहेत, आणि महाराष्ट्रातल्या शिक्षणसंस्थांचा इतिहास त्याची साक्ष देतो. इथली कितीतरी वसतिगृहे आणि शाळा दुष्काळातून, साथीतून, भूकंपातून जन्मली. आधी मुलांना जगवायचे होते. जगवता जगवता शिकवणे सुरू झाले.

१८७६-७७ चा दुष्काळ घ्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ नावाची छावणी चालवली. त्याच काळात सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात गावोगावचे हाल दिसतात. ज्या दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, त्यांनाच तीस वर्षांनी भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवावे लागले. त्यांच्या दृष्टीने हे वेगळे काम नव्हतेच. पोटात अन्न नसलेले मूल पाटीवर अक्षर काढणार कसे?

पंडिता रमाबाईंची गोष्ट तर थेट या भागाशी जोडलेली आहे. त्यांचे स्वतःचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळातच गेले होते. पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि १८८७ मध्ये बोस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिचे सभासद दहा वर्षे दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायला बांधलेले होते. एकदाच मोठी देणगी देऊन मोकळे होण्यापेक्षा हा प्रकार फार शहाणपणाचा होता. या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्याला हलले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. रमाबाई स्वतः त्या प्रांतात हिंडल्या आणि निराधार मुलींना व बालविधवांना घेऊन आल्या; त्यांची संख्या काहीशे होती. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने मुलींना केडगावला नेले आणि तिथे ‘मुक्ती’चे काम उभे राहिले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली तिथे वाचायला, विणायला, छपाईची कामे करायला शिकल्या. वर्षानुवर्षे थोडे थोडे येणारे पैसे हाताशी होते, म्हणूनच अचानक आलेल्या दुष्काळात रमाबाईंना निघता आले. निधी आधी उभा होता आणि संकट नंतर आले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता कर्मवीरांकडे वळायला हवे. भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एका पंगतीत जेवत, एका छताखाली झोपत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ही सगळी माहिती शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना असते. ज्याचा विचार कमी होतो ती गोष्ट रोजच्या धान्याची आहे. वसतिगृहात मुले वाढत गेली आणि देणग्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. या त्यागाची कीर्तने पुष्कळ झाली. पण त्यात संस्था चालवणाऱ्यांसाठी एक कडक सूचनाही आहे: हाताशी राखीव निधी नसला की संकटाचा भार कोणा एका माणसाच्या घरावर पडतो, आणि बहुतेक वेळा त्या घरातल्या बाईवर पडतो.

भाऊरावांनी हे ओळखले असावे, कारण पुढे त्यांनी मदतीची रीतच वेगळी बांधली. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद ठरले. मुले शेतात राबत, विहिरी खणत, बांधकामावर काम करत आणि त्या श्रमातून त्यांचे शिक्षण होई. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते याच ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो: गरिबाच्या मुलाने राबायचे आणि श्रीमंताच्या मुलाने नुसते शिकायचे, हा न्याय कसा? आक्षेपात तथ्य आहे. त्याला उत्तर एवढेच की भाऊरावांच्या वसतिगृहात कामाची लाज कोणालाच वाटू नये अशी व्यवस्था होती आणि दान घेणाऱ्याची मान खाली जाते तशी तिथे कोणाची जात नव्हती. आजच्या योजना आखणाऱ्यांनी या दुसऱ्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. पाच हजार रुपयांचा धनादेश देण्यासाठी विद्यार्थ्याला स्टेजवर बोलावून, त्याच्या बापाची परिस्थिती माइकवरून सांगून फोटो काढणे हा त्याचा अपमान आहे. तो थांबायला हवा.

रयतमध्ये लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढीही निघाली. सेवकांच्या ठेवींतून उच्च शिक्षणासाठी कर्ज मिळावे, शिकून कमावू लागल्यावर विद्यार्थ्याने ते फेडावे आणि फेडलेला पैसा पुढच्याच्या हाती जावा, अशी ही कल्पना. या संस्थेच्या आधाराने घडलेल्यांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे नाव ठळक आहे. साताऱ्याच्या वसतिगृहातला हा विद्यार्थी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन रयतमध्येच काम करू लागला आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. एका विद्यार्थ्यावर केलेला खर्च किती पिढ्यांना पुरतो याचा हिशेब कोणत्याही वार्षिक अहवालात मावणार नाही.

भंडाऱ्याचे नाव आले की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये इथून लढवलेली लोकसभेची पोटनिवडणूक आठवते. ती ते हरले. शिष्यवृत्तीच्या इतिहासात मात्र त्यांचे स्थान दुहेरी आहे: घेणारा म्हणूनही आणि देणारा म्हणूनही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करण्याची अट तिच्याबरोबर आली, आणि बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही, हे सर्वश्रुत आहे. पैसा मिळाला तरी छप्पर मिळेलच असे नाही, हा अनुभव त्यांच्या पुढल्या कामात दिसतो. १९४४ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. राज्याची शिष्यवृत्ती हवी आणि स्वतःची संस्थाही हवी. एकावर भिस्त ठेवून भागत नाही, असा त्यांचा हिशेब यातून वाचता येतो.

भंडारा-गोंदियाकडे महाविद्यालयीन शिक्षण पोहोचले ते यानंतर. मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे या दोन्ही जिल्ह्यांत शाळा-महाविद्यालयांचे जाळे तयार झाले. तुमसरला महाविद्यालय आले म्हणून सिहोरा-बपेरा भागातली मुले, विशेषतः मुली, रोज घरून जाऊन पदवी घेऊ शकल्या. खरे तर अंतर कमी होणे ही सर्वांत मोठी शिष्यवृत्ती आहे, कारण तिला अर्ज करावा लागत नाही. मनोहरभाईंच्या जयंतीला, ९ फेब्रुवारीला, गोंदियात गुणवंतांना सुवर्णपदके दिली जातात. पदकाचे मोल आहेच. पण जो विद्यार्थी परीक्षेपर्यंत पोहोचूच शकत नाही त्याच्यासाठी दुसरा हात लागतो, आणि तो हात जून महिन्यात पुढे यावा लागतो.

सरकारने हा हात पुढे केला नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांना फी सवलत सुरू झाली, जिला खेड्यापाड्यांत नुसते ‘ई.बी.सी.’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या एका संपूर्ण पिढीने ‘ई.बी.सी.वर शिकलो’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले आहे. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, स्वाधार योजना आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. हे मोठे पाऊल आहे.

मग अडते कुठे? कागदावर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, बोनाफाईड, आधारशी जोडलेले बँक खाते, वडिलांचा मोबाइल क्रमांक. यातले एक जरी चुकले तरी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज ‘त्रुटी’त निघतो आणि विद्यार्थी सेतू केंद्र, तहसील आणि महाविद्यालयाचा बाबू यांच्यामध्ये फिरत राहतो. मंजूर झालेली रक्कमही पुष्कळदा वर्ष सरताना किंवा त्यानंतर जमा होते. सरकारी शिष्यवृत्ती अशा प्रकारे चुकाऱ्यांसारखीच उशिरा येते. मधले महिने भरून काढणे हेच महाविद्यालयाच्या निधीचे नेमके काम आहे. राज्य देणारच आहे ते पुन्हा देण्याची गरज नाही. जे उशिरा येणार आहे ते आधी द्यावे आणि आले की परत घ्यावे. पैसा तोच, पण तो फिरत राहतो.

आता पुराकडे. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी वैनगंगेत सुटले आणि खाली गोसेखुर्द धरणाची सर्व ३३ दारे उघडावी लागली. भंडारा शहरासह नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत तो पूर पोहोचला. तो काळ कोरोनाचा होता. महाविद्यालये मार्चपासून बंद होती. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असा निकाल दिला आणि त्याच्या पुढच्या दोन दिवसांत वैनगंगेचे पाणी घराघरांत शिरले. नागपूर विद्यापीठाची परीक्षा मोबाइलवरच्या ॲपवर झाली.

हे सगळे एका विद्यार्थ्याच्या घरात एकत्र आले की काय होते ते कल्पनेने पाहता येईल. गर्भात आलेला धान आडवा पडला. घरात चिखल. धान्याची कोठी भिजली. पुस्तकांची लगदा झालेली थप्पी उन्हात वाळत टाकली. आणि ज्या मोबाइलवर परीक्षा द्यायची तोच पाण्यात गेला. अशा वेळी गावात ट्रक येतात. त्यांत तांदूळ, तेल, बिस्किटे, ब्लँकेट असतात. ते लागतातच, आणि आणणाऱ्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण त्या ट्रकमध्ये एक मोबाइल, महिन्याचा डेटा, दुय्यम गुणपत्रिकेची फी, पदार्थविज्ञानाचे एक पुस्तक यांपैकी काहीही नसते. ते देऊ शकेल असा एकच माणूस असतो: वर्गशिक्षक. त्याला ठाऊक असते की कोणाचे अंतिम वर्ष आहे आणि कोणाचा कोणता कागद गेला. महाविद्यालयाच्या आपत्ती मदतीचे वेगळेपण इथे आहे. इतर मदत गावाला होते, ही मदत नावाने होते.

दुष्काळ जाहीर झाला की शासन आठ सवलती देते. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सूट यांच्या यादीत शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा फीची माफीही असते. विद्यार्थी या यादीत आहे, हे चांगलेच. मात्र परीक्षा फी हा त्याच्या वर्षभराच्या खर्चातला अगदी लहान भाग आहे. दुष्काळी वर्षांत मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या मुलांचे एक वेळचे जेवण सुटले, ते खानावळीचे पैसे घरून येईनात म्हणून. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी पुण्यात सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याची सोय देत आली, ती हेच जाणून. फी माफ झाली तरी मूल शहरात उपाशी राहू शकते.

आणखी एक गोष्ट किल्लारीने शिकवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत भूकंपाने सुमारे आठ हजार माणसे मारली. पहिल्या आठवड्यात सारा देश धावला. पण भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी वेगळा विचार केला आणि सुमारे बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोलीला आणून त्यांचे शिक्षण हाती घेतले. राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभारले. पन्नालाल सुराणा त्याच्या मागे होते. या दोन्ही कामांत मदतीचे माप आठवड्यांत नव्हते, वर्षांत होते. दुसरीतले मूल पदवीधर व्हायला तेरा-चौदा वर्षे लागतात आणि तेवढा काळ कोणीतरी सोबत राहावे लागते. महाविद्यालयाच्या वाट्याला त्यातली तीनच वर्षे येतात. त्या तीन वर्षांची हमी देणे एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयालाही झेपणारे आहे.

कसे, ते आकड्यांतच पाहावे. शंभर माजी विद्यार्थ्यांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाला एक लाख वीस हजार जमतात. तुमसरच्या महाविद्यालयातून शिकून आज शिक्षक, तलाठी, पोलीस, बँक कर्मचारी, तांदूळ गिरणीचे मालक किंवा डोंगरी-चिखल्याच्या मँगनीज खाणीत नोकरीला असलेली माणसे शंभराहून कितीतरी जास्त असतील. ती रक्कम तीन ठिकाणी ठेवावी. मोठा वाटा फिरत्या उसनवारीसाठी, जी जूनमध्ये द्यायची आणि शिष्यवृत्ती किंवा चुकारे आले की परत घ्यायची. दुसरा वाटा परत न घेण्याच्या मदतीसाठी, कारण ज्या घरातला कर्ता गेला तिथे उसने देणे म्हणजे ओझे वाढवणे. आणि तिसरा वाटा ऑगस्टसाठी बाजूला. त्याला एरवी हात लावायचा नाही.

या तिसऱ्या वाट्याचा निर्णय समितीच्या बैठकीवर ठेवू नये. समिती जमेपर्यंत पाणी ओसरते. प्राचार्यांनी एका प्राध्यापकाला आणि एका कर्मचाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत जागच्या जागी खर्च करण्याचा अधिकार जूनमध्येच लेखी द्यावा. हिशेब नंतर तपासता येतो. प्रवेशाच्या वेळीच नदीकाठच्या गावांतल्या विद्यार्थ्यांची वेगळी यादी करावी आणि त्यांच्या गुणपत्रिका, दाखले स्कॅन करून महाविद्यालयात ठेवावेत. १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आज अनेक महाविद्यालयांत आहे. तिच्या स्वयंसेवकांना झाडे लावण्याबरोबर हे कामही देता येईल. खर्च जवळजवळ नाहीच.

बपेऱ्याच्या बाबतीत एक प्रश्न अधिक आहे. बावनथडी नदीच्या पलीकडे मध्य प्रदेश. नातीगोती, बाजार, सोयरीक दोन्ही तीरांवर पसरलेली आहेत आणि पूर तर दोन्ही तीरांवर सारखाच चढतो. शिष्यवृत्त्या मात्र अधिवासाने ठरतात. पलीकडच्या गावातली मुलगी पूल ओलांडून तुमसरला शिकायला आली, तर महाराष्ट्राच्या योजना तिला मिळत नाहीत. तिने आपल्या राज्याकडे अर्ज करायचा. ऑगस्टच्या पुरात तिचे घर बुडाले तर मदत कोणी करायची? सरकारी नियमांना सीमा पाळावी लागते, ते समजण्यासारखे आहे. महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीवर असे बंधन नाही. त्याच्या अर्जात अधिवासाचा रकाना ठेवूच नये. कोणत्या वर्गात आहे, घरात काय घडले आणि किती पैसे लागतील, एवढे तीन प्रश्न अर्ध्या पानावर पुरतात, आणि ते अर्धे पान प्रवेश अर्जालाच जोडता येते.